नव्व्याण्णव कड्या

लेम पॉमरॉय बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. मी बूट शिवणारा, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नसे. कॉलेजातली पोरं म्हणायची, "लेमकाका लाजतो." पण मी त्याला आधीपासून ओळखत होतो. एक काळ असा होता, की तो माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून, मांडीवर थाप मारून हसायचा. ते बंद झालं अठराशे ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यानंतर.

एल्डरफर्ड कॉलेजच्या मैदानाची सगळी देखभाल त्याच्याकडे होती. शेत विकून तो गावात आला तेव्हा त्याच्याकडे एक म्हातारी घोडी होती, हल्डा नावाची बायको होती, आणि जमीनमोजणी करणाऱ्या बापाची हत्यारं भरलेली एक पेटी होती. कॉलेजनं त्याला गवत कापायला ठेवलं. दोन वर्षांत तो सगळंच बघायला लागला. भट्टीघरातली कोळशाची राख चाळून धावण्याच्या वाटेवर तोच पसरायचा, घोडीला जुंपून रूळ तोच फिरवायचा, शर्यतीआधी पोरांच्या पोटऱ्यांना तेल चोळायचा, हरलेल्याच्या अंगावर घोंगडी टाकायचा. धावणं शिकवणारा पगारी शिक्षक वेगळा होता, पण पोरं दुखणं घेऊन यायची ती लेमकाकाकडे.

नव्वदच्या वसंतात नदीला पूर आला आणि जुनी धावण्याची वाट वाहून गेली. लेमनं उन्हाळाभर खपून नवी केली. आतल्या कडेला फळ्या ठोकल्या, आणि नियमाप्रमाणे फळीपासून दीड फूट बाहेरून, बापाच्या मोजणीच्या साखळीनं, स्वतःच्या हातानं मोजली. पाव मैलाला वीस साखळ्या. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून बघत होतो. तो मला ओरडून म्हणाला, "बातीस्त, या वाटेवर एक इंच इकडचा तिकडे सापडला तर माझी टोपी खाऊन दाखवीन!"

"मीठ घालून खा," मी म्हणालो. "तुझी टोपी घोडीसुद्धा खायची नाही."

पुढच्या मे महिन्यात पाच कॉलेजांचा खेळांचा मेळावा आमच्याकडे झाला आणि ओरिन टेनीनं एक मैल चार मिनिटं सत्तावीस सेकंदांत मारला.

ओरिन वरच्या डोंगरातला, व्हरमाँटकडचा. घरी मेंढ्या आणि मेपलची झाडं. लांब मान, मोठे कान, आणि हातांचं काय करायचं हे न कळणारा मुलगा. शहरातल्या पोरांना त्याच्या बोलण्याची गंमत वाटायची. पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर त्याला कुणी जागा देत नसे. तो धावायला लागला तो लेममुळे. सकाळी शेकोटीचं सरपण आणायला ओरिन मैदानातून पळत जायचा. लेमनं एकदा ते पाहिलं आणि त्याला माझ्या दुकानात आणलं. "याच्या पायाचं माप घे. खिळ्यांचे बूट हवेत. आणि बातीस्त, हलके कर."

पाच कॉलेजांचा जुना विक्रम होता चार मिनिटं एकतीस. ओरिननं तो चार सेकंदांनी मोडला. तिन्ही पंचांची घड्याळं एकच आकडा सांगत होती. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. ज्यांनी त्याला बाकावर जागा दिली नव्हती तीच पोरं त्याच्या नावानं बोंबलत होती. ओरिन त्यांच्या खांद्यांवरून लेमला शोधत होता. लेम भट्टीघराच्या भिंतीआड उभा राहून नाक शिंकरत होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डीकन बिलिंग्जचं आणि त्याच्या शेजाऱ्याचं दगडी कुंपणावरून भांडण झालं. डीकन म्हणजे चर्चमधला मोठा माणूस, आणि गावातला सगळ्यात चिकट. मोजायला लेमला बोलावलं. लेम साखळी घेऊन गेला. डीकननं साखळी हातात घेतली आणि एकेक कडी मोजायला लागला.

"पॉमरॉय," तो म्हणाला, "शंभर असतात ना कड्या?"

"शंभर."

"मग ही नव्व्याण्णव कशी? तुझ्या बापानं आमच्या बापाला असंच मोजून दिलं होतं काय?"

दहा-दहा कड्यांवर पितळी बिल्ले असतात. चौथ्या आणि पाचव्या बिल्ल्यामध्ये नऊच कड्या होत्या. लेमला तिथल्या तिथे आठवलं. पुराआधीच्या हिवाळ्यात गोठ्यात एक कडी तुटली होती. त्यानं दोन्ही टोकं तात्पुरती जोडली होती. लोहाराकडून नवी घालून आणू असं मनात होतं. मग पूर आला, घाई झाली, आणि राहून गेलं.

कुंपणाचं काय झालं ते मला ठाऊक नाही. लेमनं साखळी गुंडाळली, आणि घरी न जाता सरळ मैदानावर आला. लोहाराच्या दुकानातली मोजपट्टी मागून घेतली आणि एकट्यानंच वाट मोजली. एका फेरीत वाट चार वारांहून जरा जास्तच तोकडी. चार फेऱ्यांत साडेसतरा वार. ओरिनसारख्याच्या पायाला जवळजवळ तीन सेकंद.

त्या रात्री त्यानं हल्डाला सांगितलं. हल्डा बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "मग सकाळी जाऊन सांग."

"सांगतो."

"सकाळी म्हणाले मी."

सकाळी तो गेला. खेळ समितीचे प्रमुख प्राध्यापक लूमिस व्यायामशाळेत होते. त्यांच्याबरोबर रंगारी होता. भिंतीवर नवा फळा लावला होता, अक्रोडाच्या लाकडाचा, आणि रंगारी त्यावर सोनेरी अक्षरं काढत होता: ओ. टेनी, एक मैल, ४ मि. २७ से. ओरिन खाली उभा होता. त्याचे आईबाप डोंगरातून आले होते. बाप कधी कॉलेजच्या दारात उभा राहिला नव्हता, तो टोपी हातात धरून ती अक्षरं बघत होता. आईला वाचता येत नव्हतं. ओरिन तिचं बोट धरून प्रत्येक अक्षराखालून फिरवत होता.

लूमिस म्हणाले, "या पॉमरॉय, तुमचंच काम आहे हे अर्धं. काही म्हणायचं होतं?"

"नाही साहेब," लेम म्हणाला. "भट्टीघराच्या राखेचं विचारायचं होतं. नंतर येतो."

तो नंतर गेलाच नाही. मला त्यानं हे पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेव्हा म्हणाला, "बातीस्त, त्या बाईचं बोट बघितलं नसतं तर मी बोललो असतो." मग म्हणाला, "खोटं बोलतोय. नोकरीचंही भ्या होतंच. आणि टोपीचं. गावभर सांगून बसलो होतो ना."

हल्डानं चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "निदान वाट तरी नीट कर."

ते त्यानं केलं. मार्चमध्ये बर्फ वितळताच त्यानं एका टोकाचं वळण सव्वादोन वार मागे सरकवलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, पुरानं माती खचलीय. नवी राख टाकली, रूळ फिरवला. वाट आता बरोबर पाव मैल झाली. लेमला वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं! एप्रिलमध्ये ओरिन धावायला उतरला आणि त्याचं घड्याळ चार-तीसच्या खाली यायला तयार होईना. चार-तीस, चार-एकतीस, एकदा चार-तेहेतीस. गेल्या वर्षी पोरगा जे पळाला होता तेच पळत होता, कदाचित जरा जास्तच चांगलं. पण त्याला वाटलं, आपण घसरलो.

मेअखेरीला न्यूयॉर्कला देशभरातल्या कॉलेजांची मोठी शर्यत होती. वर्तमानपत्रांत त्याचं नाव येत होतं, 'डोंगरातला टेनी' म्हणून. तो पहाटे उठून पळायला लागला. अर्धं कच्चं मांस आणि कोरडा पाव खायचा. पाणी दिवसाला दोन पेले, कारण पाण्यानं अंग जड होतं असं तेव्हा सगळेच सांगायचे. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बूट आणखी हलके करा." मी तळवे तासले. आठवड्यानं परत आला, "अजून." मी म्हणालो, "पोरा, आता चामडं नाही, कागद उरलाय." तरी मी तासले. गिऱ्हाईक म्हणतंय तर करायचं, एवढंच मला कळत होतं.

एका दुपारी तो लेमकडे गेला. लेम फळ्यांना चुना लावत होता. ओरिनचे गाल बसले होते.

"लेमकाका, एक विचारू?"

"विचार."

"माझं काय बिघडलंय? पाय तेच आहेत. श्वास तोच आहे. तरी तीन सेकंद कुठे जातात?" "शिक्षक म्हणतात मी आळशी झालोय. डोक्यात हवा गेलीय. खरं असेल का? तुम्ही मला रोज बघता. तुम्ही सांगा, मी झटत नाही का?"

लेमच्या हातात कुंचला होता. सांगायला याहून सोपी वेळ त्याला पुन्हा मिळणार नव्हती. भोवती कुणी नव्हतं. पोरगा स्वतःहून विचारत होता.

"राख नवी आहे," लेम म्हणाला. "जड आहे. बसली की बघ, येतील तुझे सेकंद परत."

ओरिनचा चेहरा उजळला. "मग न्यूयॉर्कची वाट जुनी आहे ना? तिथे राख बसलेली असेल!"

"असेल."

"म्हणजे तिथे सत्तावीस निघेल!" तो म्हणाला आणि पळत गेला.

न्यूयॉर्कला लेम बरोबर गेला, तेलाची बाटली आणि घोंगडी घेऊन. मी नव्हतो. जे सांगतो ते लेमच्या तोंडचं. ओरिन पहिल्या फेरीपासून सत्तावीसच्या हिशेबानं सुटला. बाकीचे सगळे मागे राहिले. तिसऱ्या फेरीच्या शेवटी तो पंचवीस वार पुढे होता आणि लोक बाकांवर उभे राहिले होते. लेमनं आतल्या कडेनं पळत जाऊन ओरडून सांगितलं, "सोड, ओरिन! हळू! तू पुढे आहेस!" ओरिननं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला पुढे असण्याशी काही घेणं नव्हतं. त्याला तो सोनेरी आकडा खरा करायचा होता.

शेवटच्या वळणावर त्याचे गुडघे वाकडे पडायला लागले. साठ वार उरले असताना तो कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. तोंडातून फेसाबरोबर रक्त आलं. त्याला ओलांडून जो मुलगा जिंकला, त्याची वेळ होती चार मिनिटं तेहेतीस. ओरिन आपल्या रोजच्या चालीनं धावला असता तरी पंधरा वारांनी जिंकला असता.

घोंगडी अंगावर टाकली तेव्हा ओरिन म्हणाला, "राख तर बसलेली होती हो, काका."

जूनभर तो इस्पितळात होता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ताणलंय, यापुढे पळायचं नाव काढू नको. वर्षभर घरी राहून त्यानं परीक्षा दिली आणि डोंगरातल्याच एका शाळेत मास्तर झाला. कॉलेजनं त्याला निरोपाचं पत्र चांगलं दिलं. फळ्यावरचं नाव राहिलं.

लेमही राहिला. रूळ फिरवायचा, तेल चोळायचा. पण पोरांनी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी त्याच्या कपाळावर घाम यायचा. "काका, आज वारा आहे का?" एवढ्यालासुद्धा. नाताळला तो ओरिनला न चुकता एक खोकं पाठवायचा, लोकरीचे मोजे, नाही तर हल्डाचा फळांचा केक. ओरिन आभाराचं पत्र लिहायचा. ती पत्रं लेम स्वतः उघडायचा नाही, हल्डा वाचून दाखवायची. एका पत्रात होतं, 'तुमच्याइतकं चांगलं माझ्याशी तिथे कुणी वागलं नाही.' त्या दिवशी तो जेवला नाही.

अशी सात वर्षं गेली. नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये हॉबर्ट नावाचा एक मुलगा माझ्या दुकानात आला. मैल पळणारा. बूट टेबलावर ठेवून म्हणाला, "हलके करा. टेनीचा सत्तावीस मोडायचाय." त्याचे गाल बसलेले होते. मी संध्याकाळी लेमला सहज म्हणालो, "तो हॉबर्ट बघितलास? अगदी तुझ्या ओरिनसारखा दिसायला लागलाय. पाणीसुद्धा मोजून पितो."

लेमनं हातातला कप खाली ठेवला. तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मी तासलेले ते तळवे माझ्या डोळ्यांसमोर आले. शेवटी मी म्हणालो, "आधी कुणाला सांगणार?"

"ओरिनला," तो म्हणाला. "कागदावर नाही. तोंडावर."

दुसऱ्या दिवशी तो आगगाडीनं गेला. पुढे नऊ मैल चिखलातून चालत. दुपारच्या सुट्टीत शाळेत पोचला. ओरिन ओसरीवर जेवणाचा डबा उघडून बसला होता. लेमला बघून तो धावत उठला नाही, उठला आणि हळू चालत आला. तेवढ्यानंही त्याला दम लागला. तरी हसत होता.

"लेमकाका! चालत आलात? या, या. पाय घ्या, अर्धा तुमचा." पाय म्हणजे सफरचंदाची भरली पोळी, वर चीजचा तुकडा. त्यानं सुरीनं अर्धी कापून पुढे केली.

लेमनं ती हातात घेतली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कडी, डीकन, साडेसतरा वार, सरकवलेलं वळण, आणि आता त्या आकड्यामागे लागलेला हॉबर्ट. ओरिन ऐकत होता. लेमला वाटलं होतं, तो विक्रमाबद्दल बोलेल, आईच्या बोटाबद्दल बोलेल, छातीबद्दल बोलेल.

ओरिन म्हणाला, "कधी कळलं होतं तुम्हाला?"

"ऑक्टोबरात. एक्याण्णवच्या."

"म्हणजे मी तुम्हाला विचारलं तेव्हा ठाऊक होतं."

"होय."

"मी विचारलं होतं तुम्हाला." ओरिनचा आवाज चढला नाही. "चूक कुणाच्याही हातून होते हो. कडी माझ्याही हातून राहिली असती. पण मी येऊन विचारलं होतं. मी आळशी आहे का, विचारलं होतं. सात वर्षं मी हेच धरून बसलोय, की आपण कमी पडलो. वर्गातल्या पोरांना सांगतो, झटा, माझ्यासारखे होऊ नका."

लेम म्हणाला, "तू कमी पडला नव्हतास."

"ते आता सांगताय."

सुट्टी संपल्याची घंटा ओरिननं स्वतः वाजवली. मुलं आत गेली. दारात थांबून तो म्हणाला, "त्या हॉबर्टला आजच तार करा. घरी पोचायची वाट बघू नका." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

लेमनं स्टेशनवरून मला तार केली. मी मैदानावर जाऊन हॉबर्टला थांबवलं, त्याला आधी दोन पेले पाणी पाजलं आणि मग तार दाखवली. सोमवारी लेम प्राध्यापक लूमिसांकडे गेला आणि साखळी त्यांच्या टेबलावर ठेवली. लूमिस आता पार पिकले होते. त्यांनी कड्या मोजल्या, मग चष्मा काढला. "पॉमरॉय, आठ वर्षं झाली. कुणाला कळलं नसतं."

"मला कळत होतं, साहेब."

"तुम्हाला काढून टाकायला सांगतील काही जण."

"त्यांचं बरोबर आहे."

काढलं नाही. दुसरा माणूस त्या पगारात मिळत नव्हता, हेही एक कारण असेल. एक्याण्णवच्या मेळाव्यातले लांब शर्यतींचे सगळे आकडे रद्द झाले. रंगाऱ्यानं फळ्यावरची ओळ खरवडली. गावात काही दिवस लेमला लोक विचारायचे, "काय पॉमरॉय, टोपी कधी खाणार?" तो म्हणायचा, "खातोय रोज थोडी थोडी." त्यात विनोद नव्हता, पण लोक हसायचे. त्या वर्षीपासून वाट मोजायची असली की तो दोन प्राध्यापकांना बोलवायचा आणि स्वतः लांब उभा राहायचा. पट्टीला हात लावायचा नाही.

नाताळचं खोकं त्यानं पाठवलं. त्या वर्षी ते न उघडता परत आलं. पुढच्या वर्षी परत आलं नाही, पण पत्रही नाही. तिसऱ्या वर्षी दोन ओळी आल्या: 'मोजे मिळाले. माझ्या हिशेबानं मी त्या दिवशी पुरा मैल साधारण चार मिनिटं तीस सेकंदांत मारला असता. लूमिस सरांकडून बरोबर करून कळवा.' लेमनं ते पत्र स्वतः उघडलं होतं. लूमिसांनी तास घालवून हिशेब केला: चार मिनिटं एकोणतीस आणि तीन चतुर्थांश. म्हणजे जुन्या चार-एकतीसच्या विक्रमापेक्षा तरीही कमी. लेमनं कडी वेळेवर घातली असती, तरी त्या दिवशी विक्रम ओरिनचाच झाला असता, आणि तो खरा असता. असा अंदाजाचा आकडा फळ्यावर येत नाही. लेमनं तो कागदावर उतरवून पाठवला. ते लिहिताना त्यानं तीन कागद फाडले, असं हल्डा म्हणाली. उत्तर आलं नाही.

लेम एकोणीसशे सातच्या फेब्रुवारीत गेला, निमोनियानं, आठवड्यात. ओरिन मातीला आला नव्हता. बर्फानं वरचे रस्ते बंद होते, त्यामुळे तो आला असता की नाही हे कुणी सांगू शकत नाही.

मे महिन्यात आला. माझ्या दुकानात प्रथम आला, केस पांढरे, चाल सावकाश. पॉमरॉयबाईंचं घर तेच आहे का, विचारलं. मी त्याला दारापर्यंत नेलं आणि परत फिरलो. तासाभरानं तो स्टेशनकडे गेला. संध्याकाळी मी हल्डाकडे गेलो आणि विचारलं, काय म्हणाला?

"कॉफी प्याला," हल्डा म्हणाली. "दोन डोनट खाल्ले. सफरचंदाच्या कलमांबद्दल बोलत होता. यंदा मोहोर चांगला आलाय म्हणे त्यांच्याकडे."

"आणि लेमबद्दल?"

"कुठे पुरलंय ते विचारलं. मी म्हणाले, दाखवते. तर म्हणाला, नको, बसा तुम्ही, मी शोधतो." तिनं टेबलावरचे कप उचलले. "गेला की नाही ते मला दिसलं नाही, बातीस्त. कबरस्तानाकडच्या खिडकीला पडदा आहे."